जंतूंच्या हातातील ढाल

खेळता खेळता मूल पडते, गुडघा खरचटतो. घरातील वडीलधारी व्यक्ती कपाटातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढते. जखमेवर दोन थेंब पडताच पांढरा फेस फसफसून वर येतो आणि ‘बघ, जंतू मरताहेत’ असे सांगून रडणाऱ्या मुलाची समजूत घातली जाते. वस्तुतः तो फेस म्हणजे जंतूंच्या मरणाची खूण नव्हे. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचे एक विकर असते. पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते त्याचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन करते, आणि त्या ऑक्सिजनचे बुडबुडे आपल्याला फेसाच्या रूपाने दिसतात. म्हणजे त्या क्षणी आपल्याला दिसते ती विषावर मात करणारी आपल्याच शरीराची ढाल.

ही ढाल केवळ आपल्यापाशीच असती तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. तीच ढाल, काही वेळा अगदी त्याच घडणीची, रोग निर्माण करणाऱ्या अनेक जंतूंच्याही हाती आहे. ‘अँटीऑक्सिडंट’ हा शब्द आज चहाच्या पुड्यापासून चेहऱ्याच्या मलमापर्यंत सर्वत्र छापलेला आढळतो आणि तो जणू आरोग्याचाच पर्याय मानला जातो. मात्र शरीरात शिरलेल्या जंतूच्या दृष्टीने पाहिले की या शब्दाचा दुसरा अर्थ उलगडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांशी तर त्याचा निकटचा संबंध आहे.

पेशीच्या पोटातील आग

शरीरात जंतू शिरला की भक्षकपेशी त्याला वेढून गिळतात. गिळल्यावर पेशीच्या आत एक लहानसा कप्पा तयार होतो आणि त्या कप्प्यात पेशी अक्षरशः आग लावते. श्वासातून मिळालेल्या ऑक्सिजनवर एक इलेक्ट्रॉन चढवून ती ‘सुपरऑक्साइड’ हा अत्यंत चंचल पदार्थ निर्माण करते. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्याहूनही दाहक अशी मूलके तयार होतात. जंतूची प्रथिने, त्याचे आवरण, त्याचा जनुकीय धागा यांपैकी जे हाती लागेल ते ही मूलके जाळत सुटतात.

ही आग किती आवश्यक आहे, हे एका दुर्मीळ जन्मजात विकारावरून कळते. काही बालकांच्या भक्षकपेशींत ही आग पेटवणारे विकरच सदोष असते. अशा बालकांना पुनःपुन्हा गळवे होतात, फुप्फुसे व यकृत यांत गंभीर संसर्ग होतात. ऑक्सिडीकरण म्हणजे केवळ झीज आणि वार्धक्य, ही समजूत किती अपुरी आहे, याचे याहून बोलके उदाहरण नाही. योग्य जागी आणि योग्य वेळी पेटलेली ही आग आपल्या जिवाची राखण करते.

जंतूंनीही कोट्यवधी वर्षांत या आगीवर उपाय शोधले. त्यांच्याकडे साधारणपणे दोन टप्प्यांची योजना असते. पहिल्या टप्प्यात ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये उलगडले. दुसऱ्या टप्प्यात कॅटलेज किंवा पेरॉक्सिडेज या गटातील विकरे त्या पेरॉक्साइडचे निरुपद्रवी पाणी करून टाकतात. गळवे करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूकडे तर या विकरांच्या जोडीला सोनेरी रंगद्रव्याचे कवचही असते. प्रयोगशाळेत त्याचा तो सोनेरी रंग काढून घेतला की भक्षकपेशी त्याला अधिक सहज मारतात. जंतूची रोगकारक शक्ती केवळ त्याच्या विषात नसते. मार खाऊन टिकून राहण्याच्या क्षमतेतही ती असते.

वरोऱ्याची ओसाड जमीन आणि एक दरिद्री जंतू

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे नाव घेताच आनंदवन आठवते. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि त्यानंतर लवकरच साधनाताई व मोजक्या कुष्ठरुग्णांसह ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ, ओसाड जमिनीवर राहावयास आले. त्याआधी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले होते. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, ही संशोधकांपुढील तेव्हाची मोठी अडचण होती. संशोधनाला साहाय्य व्हावे म्हणून बाबांनी ते जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. ते तेथे रुजले नाहीत. या धाडसाचे अनुकरण अर्थातच कोणी करू नये. परंतु त्यातून जे दिसले ते आजच्या ज्ञानाशी सुसंगतच आहे. सुमारे ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळातच दाद देत नाही.

नॉर्वेतील हान्सेन यांनी हा जंतू १८७३ मध्ये पाहिला. दीडशे वर्षे उलटली, तरी आजही तो कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. असे का, याचे उत्तर २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा बरेचसे मिळाले. त्याचा भाऊबंद असलेल्या क्षयजंतूकडे सुमारे ४००० कार्यक्षम जनुके आहेत. कुष्ठजंतूकडे मात्र जेमतेम १६०० उरली आहेत. सुमारे ११०० जनुके मोडून पडलेली, निकामी अवस्थेत आहेत. एखाद्या जुन्या वाड्यात राहते घर दोन खोल्यांचे आणि बाकी सगळी पडझड, अशी त्याची स्थिती आहे.

या पडझडीत एक खोली आपल्या विषयाची आहे. क्षयजंतूकडे असलेल्या कॅटलेज-पेरॉक्सिडेज विकराचे जनुक कुष्ठजंतूत निकामी झालेले आहे. म्हणजे त्याने दुसऱ्या टप्प्यातील मुख्य ढाल गमावली आहे. पहिल्या टप्प्यातील सुपरऑक्साइड डिस्म्युटेज मात्र त्याने जपून ठेवले आहे, आणि पेरॉक्साइडवर काम करणारे एक पर्यायी विकरही शाबूत राखले आहे. शिवाय त्याच्या अंगावर एक खास मेदयुक्त आवरण आहे. ते दाहक मूलके शोषून घेते आणि भक्षकपेशीला भुलवते. भक्षकपेशी त्याला गिळते खरी, पण आग मात्र मंदच पेटते.

इतक्या तुटपुंज्या साधनांवर जगणारा जंतू आडोसा शोधतो. त्याला शरीराचे थंड भाग प्रिय असतात: त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेलगतचे मज्जातंतू. मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशींत तो जाऊन बसतो. तेथे त्याची संख्या दुप्पट व्हावयास जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणूनच संसर्गानंतर पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही लोटतात. आणि जेव्हा शरीर या लपलेल्या शत्रूवर अखेर तुटून पडते, तेव्हा त्या चकमकीत मज्जातंतूच होरपळतात. बोटे वाकडी होणे, पाय लुळा पडणे, पापणी न मिटणे ही सारी त्या होरपळीची फळे आहेत. ती टाळता येतात. मात्र त्यासाठी वेळेवर ओळख पटावी लागते.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण साध्य झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत अजूनही रुग्ण तुलनेने अधिक आढळतात, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली यांचा समावेश होतो. दाट जंगल, विखुरलेल्या वस्त्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे एखादा चट्टा दवाखान्यापर्यंत पोहोचावयास उशीर होतो. जंतूची संथ गती आणि आपली दिरंगाई एकत्र आली की विकृती अटळ होते.

ढाल टाकून वाचणारा क्षयजंतू

क्षयजंतूची कथा याच्या नेमकी उलट आहे. त्याच्याकडे ही कॅटलेजची ढाल भक्कम आहे, आणि याच ढालीने एका औषधाला विजय मिळवून दिला. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध क्षयरोगावर वापरात आले. गंमत अशी की गिळलेली गोळी स्वतः जंतूला मारत नाही. जंतूचे कॅटलेज-पेरॉक्सिडेज विकरच तिचे मारक रूपात परिवर्तन करते. जंतू आपल्याच ढालीवर आपल्यासाठी तलवार घडवतो. कुष्ठजंतूकडे ते विकर नसल्यामुळे हे औषध त्याच्यावर निरुपयोगी ठरते.

मग काही क्षयजंतूंनी ती ढालच टाकून दिली. अमेरिकेतील मिडलब्रुक यांनी १९५४ मध्ये नोंदवले की आयसोनियाझिडला न जुमानणारे काही जंतू कॅटलेज गमावून बसलेले असतात, आणि असे जंतू गिनीपिगमध्ये पूर्वीइतका तीव्र रोग निर्माण करू शकत नाहीत. मद्रास येथे १९५६ मध्ये क्षयरोग उपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांना पेरॉक्साइडने सहज मरणारे आणि गिनीपिगमध्ये सौम्य ठरणारे अनेक जंतू दक्षिण भारतातील रुग्णांकडून मिळाले. ढाल आणि रोगकारक शक्ती यांचा संबंध असा हळूहळू स्पष्ट होत गेला. १९९२ मध्ये संबंधित जनुकाची ओळख पटली. पुढे उंदरांवरील एका प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब केले: कॅटलेज नसलेले क्षयजंतू सामान्य उंदरांत दुबळे पडले, परंतु ज्या उंदरांच्या भक्षकपेशींना आग पेटवताच येत नव्हती, त्यांच्यात तेच जंतू जोमाने वाढले. आग नसेल तेथे ढालीची गरज उरत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

येथे वाचकाला दिलासा वाटेल की औषधाला न जुमानणारा जंतू निदान दुबळा तरी असतो. दुर्दैवाने निसर्ग इतका सरळ नाही. रुग्णांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा बदल हा त्या विकराच्या ३१५ व्या स्थानावरील एका अमिनो आम्लाचा आहे. एवढ्या सूक्ष्म बदलाने आयसोनियाझिडचे मारक रूप होणे जवळजवळ थांबते, पण पेरॉक्साइडचा निकाल लावण्याची शक्ती मात्र बरीचशी टिकून राहते. म्हणजे जंतूने ढाल राखली आणि तलवार तेवढी नाकारली. जेथे ढाल खरोखरच गमावली जाते, तेथे काही जंतू दुसऱ्या पर्यायी विकराचे उत्पादन वाढवून तूट भरून काढतात.

अशा जंतूंना वाव कोण देते? अर्धवट उपचार. क्षयरोगात सुरुवातीला एकाच वेळी चार औषधे दिली जातात. कारण एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि धानाची रोवणी किंवा तेंदूपानांचा हंगाम तोंडावर आला की गोळ्यांचे पाकीट कोनाड्यात पडून राहते. त्या रिकाम्या दिवसांत निवडीची संधी मिळते ती ३१५ व्या स्थानी बदललेल्या जंतूला. पुढे तोच जंतू घरातील दुसऱ्या माणसाच्या छातीत जातो, आणि त्या माणसाचा क्षय पहिल्या दिवसापासूनच औषधाला दाद देत नाही.

आपली ढाल कमकुवत असेल तर

जंतूंच्या ढालीइतकाच आपल्या स्वतःच्या ढालीचा विचारही या जिल्ह्यांत महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगावर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे असतात. यांपैकी क्लोफाझिमिन जंतूच्या आतच दाहक ऑक्सिजन निर्माण करते, असे प्रयोगशाळेतील पुरावे सुचवतात. भक्षकपेशीला जी आग पेटवता आली नाही, ती औषध पेटवते, असे म्हणता येईल.

डॅप्सोनचा प्रश्न निराळा आहे. हे औषध आपल्या तांबड्या रक्तपेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणते. बहुतेकांच्या पेशी तो सहज पेलतात. मात्र ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींच्या रक्तपेशींना तो पेलवत नाही आणि त्या फुटू लागतात. विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेल विकाराप्रमाणे ही कमतरताही आढळते. हिवतापावरील प्रायमाक्विन या औषधाबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते, आणि गडचिरोलीत हिवताप नवीन नाही. म्हणून घरात कोणाला सिकलसेल आहे, औषधानंतर कधी कावीळ झाली होती, किंवा रक्त फार कमी आहे, ही माहिती उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना आवर्जून सांगावी. डॉक्टर औषध बदलू शकतात. उपचार मात्र थांबवावे लागत नाहीत.

येथे एक फरक घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावा. रिफाम्पिसिन घेतल्यावर काही तास लघवी तांबूस-नारिंगी होते. ते औषधाचे रंगद्रव्य असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. क्लोफाझिमिनने त्वचा काळपट व कोरडी होते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ती हळूहळू पूर्ववत होते. परंतु लघवी काळ्या चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, चार पावले चालताच धाप लागणे ही चिन्हे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आवळा, गोळ्या आणि गैरसमज

एवढे वाचून कोणी विचारील, की मग आवळा खाल्ल्याने जंतूंनाच बळ मिळते की काय? तसे मुळीच नाही. जंतू आपली विकरे आपल्या जनुकांवरून स्वतःच घडवतो. आपल्या ताटातील आवळा, जांभूळ, बोर किंवा अंबाडीची भाजी त्याच्या ढालीत जाऊन बसत नाही. फळे आणि पालेभाज्या अवश्य खाव्यात. क्षयरुग्णाला तर पोटभर, कसदार अन्नाची गरज औषधाइतकीच असते.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, चूर्णे आणि काढे कुष्ठजंतू किंवा क्षयजंतू यांना शरीरातून घालवू शकत नाहीत. मज्जातंतूच्या आवरणात दडलेल्या जंतूपर्यंत पोहोचून त्याला मारण्याचे काम ठरावीक औषधेच करतात, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. चूर्णावर घालवलेले सहा महिने जंतूला फारसे काही देत नाहीत. रुग्णाच्या बोटांची संवेदना मात्र हिरावून घेऊ शकतात.

घरच्या घरी काय पाहावे

महिन्यातून एकदा, भरपूर उजेडात, घरातील सर्वांची त्वचा पाहण्याची सवय लावावी. लहान मुलांची पाठ आणि मांड्या आंघोळीच्या वेळी पाहता येतात. प्रौढांनी एकमेकांची पाठ पाहावी. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटावयास सांगून तेथे कापसाचा बोळा हलकेच टेकवावा. स्पर्श जाणवला नाही, किंवा चट्ट्यावर घाम येत नसेल, केस झडले असतील, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही व दुखत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. कानाच्या पाळ्या जाड होणे, चेहरा तेलकट व चमकदार दिसणे, हातापायांना मुंग्या येणे, हातातील वस्तू निसटणे, पायातील चप्पल नकळत गळून पडणे याही खुणा ध्यानात ठेवाव्यात.

उपचार रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतात. ते सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणाऱ्या संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. त्यामुळे रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही, आणि लग्न मोडण्याचे वा मुलाला शाळेतून काढण्याचे तर नाहीच. उपचारादरम्यान किंवा नंतर चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपर वा गुडघ्यामागील नस दुखू लागली, हातापायांतील शक्ती कमी झाली, तर ती ‘रिॲक्शन’ असते. ते औषधाचे अपयश नव्हे. अशा वेळी गोळ्या बंद न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे. वेळीच दिलेल्या दाहशामक उपचाराने मज्जातंतू वाचू शकतात.

ज्यांची संवेदना आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी घर आणि शेत ही दोन्ही जोखमीची ठिकाणे आहेत. चुलीवरचे भांडे कापडाने धरावे, धानाच्या बांधीत वा जंगलात अनवाणी जाऊ नये, मऊ तळाची पादत्राणे वापरावीत. रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, कोरडी त्वचा हळुवार घासून वर तेल लावावे आणि तळव्यावर काटा, फोड वा भेग आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. जेथे वेदना इशारा देत नाही, तेथे डोळ्यांनीच पहारा करावा लागतो.

आनंदवनाच्या पहिल्या रहिवाशांपर्यंत औषध उशिरा पोहोचले. तोवर अनेकांची बोटे गेलेली होती. त्याच हातांनी त्यांनी विहिरी खणल्या आणि शेती उभी केली. आज औषध गावच्या उपकेंद्रापर्यंत आले आहे. जंतूजवळ ढाल आहे, आडोसा आहे आणि वाट पाहण्याची अफाट क्षमता आहे. आपल्याजवळ त्या सर्वांवर मात करणारी औषधे आहेत. त्यांना हवा आहे तो फक्त वेळेवर उजेडात धरलेला एक चट्टा.